स्वभावाची रोजकीर्द

संध्याकाळी साडेसातला लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज येतो आणि त्या फ्लॅटमध्ये एकदम हालचाल सुरू होते. मुलगी टीव्हीचा आवाज कमी करते. मुलगा सोफ्यावरचं दप्तर उचलून आत नेतो. आई कुकरचं झाकण काढून भात नीट झालाय ना, ते पुन्हा एकदा बघते. कुणी कुणाला काही सांगत नाही. ‘बाबा आले’ एवढं पुरतं. मग जेवताना आमटीत मीठ कमी निघतं, ताट सरकवलं जातं, आवाज चढतो. तासाभराने तेच बाबा खाली जाऊन सगळ्यांसाठी कुल्फी घेऊन येतात आणि म्हणतात, “अरे, मी फणसासारखा आहे. बाहेरून काटे, आत गरे. माझ्या मनात काही नसतं.”

हे घर नाशिकचं असेल, डोंबिवलीचं असेल, नाहीतर सांगलीचं. कधी बाबांच्या जागी आजी असते, कधी थोरला भाऊ, कधी ऑफिसातले साहेब. कुणाचा दोष रागाचा, कुणाचा टोमण्यांचा, कुणाचा दिलेला शब्द विसरण्याचा, कुणाचा दर वेळी अर्धा तास उशिरा येण्याचा. फणसाचा दाखला मात्र सगळीकडे चालतो. माझा स्वभाव आहे, तुम्ही सांभाळून घ्या.

मराठीत या बचावाला म्हणींचं भरभक्कम पाठबळ आहे. स्वभावाला औषध नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. गंमत अशी, की या म्हणी आपण दोन वेगळ्या सुरांत वापरतो. शेजाऱ्याबद्दल बोलताना त्या आरोपपत्र असतात आणि स्वतःबद्दल बोलताना जामीन.

हा दुहेरी हिशेब मानसशास्त्राने फार पूर्वी टिपला आहे. एडवर्ड जोन्स आणि रिचर्ड निस्बेट या अमेरिकी अभ्यासकांनी १९७१ मध्ये असं मांडलं, की दुसऱ्याच्या वागण्याचं कारण माणूस त्याच्या स्वभावात शोधतो आणि स्वतःच्या वागण्याचं कारण परिस्थितीत. दुसरा उशिरा आला तर बेजबाबदार. आपल्याला उशीर झाला तर ट्रॅफिक. पुढे २००६ मध्ये बर्ट्राम माले यांनी या विषयावरचे १७३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा हा फरक सरसकट सापडला नाही. पण वाईट घटनांच्या बाबतीत तो टिकून राहिला. म्हणजे काही बिघडलं, की आपली नजर बाहेर वळते. आणि परिस्थितीचा दाखला पुरेनासा झाला, की शेवटचा हुकमी पत्ता उरतोच: स्वभाव. एमिली प्रोनिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. विचारांतले पूर्वग्रह लोकांना इतरांत सहज दिसतात, स्वतःत मात्र कमी दिसतात. कुसळ आणि मुसळ ही जोडी ज्याने जुळवली, त्याला हे प्रयोगाशिवायच कळलं होतं.

खरंच औषध नाही?

विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आपल्या गाजलेल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात म्हटलं होतं, की तिशीपर्यंत माणसाचा स्वभाव प्लास्टरसारखा घट्ट होतो. हे मत बरीच वर्षं चाललं. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनीही त्याला वरवर दुजोरा दिला. माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ५० टक्के निघतो. पण रक्तातून आलेली गोष्ट हलवताच येत नाही, असं थोडंच आहे? अधू नजरही वारशाने येते. म्हणून कुणी चष्मा लावायचं थांबत नाही.

ब्रेंट रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये २०७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. मानसोपचारासारख्या उपायांनंतर काही महिन्यांतच स्वभावात मोजता येईल असा फरक पडतो, असं त्यांना आढळलं. सर्वांत ठळक फरक होता भावनिक स्थैर्यात. चटकन बिथरणं, भडकणं, काळजीने पोखरून निघणं, ज्यांना आपण पक्के ‘स्वभाव’ म्हणतो, त्यांच्यातच.

त्याहून डोळे उघडणारा प्रयोग नेथन हडसन यांचा. त्यांनी ३७७ विद्यार्थ्यांना १५ आठवडे, स्वतःतलं जे बदलायचं आहे त्यासाठी दर आठवड्याला छोटी छोटी कामं निवडायला सांगितली. त्याचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांनी कामं पार पाडली ते हव्या त्या दिशेने सरकले. ज्यांनी ती नुसतीच स्वीकारली आणि केली नाहीत, त्यांच्यात काही वेळा उलट्या दिशेचा बदल दिसला. आपल्याकडे संकल्प ‘सोडतात’. एक जानेवारीला सोडलेला संकल्प पंधरा जानेवारीला दुसऱ्या अर्थाने सुटतो, तेव्हा आपण होतो तिथेच राहतो असं आपल्याला वाटतं. ते तितकंसं खरं नाही.

छापखानेवाल्याची वही

कामं पार पाडायची म्हणजे करायचं काय, याचं सर्वांत तपशीलवार टिपण एका छापखानेवाल्याने लिहून ठेवलं आहे. बेंजामिन फ्रँकलिन १७०६ मध्ये बॉस्टनला मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याच्या घरी जन्मला. फिलाडेल्फियात त्याने छापखाना काढला, पुढे विजेवरचे प्रयोग केले आणि अमेरिका स्वतंत्र करणाऱ्यांत त्याचं नाव गणलं गेलं. तरुणपणी त्याने ठरवलं, की आपण निर्दोष व्हायचं. हे ठरवणं भाबडं होतं आणि ते भाबडं होतं हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच हसत हसत कबूल केलं आहे. पण पद्धत पक्क्या दुकानदाराची होती.

त्याने तेरा गुणांची यादी केली. खाण्यापिण्यात संयम, कमी बोलणं, नीटनेटकेपणा, काटकसर, उद्योगीपणा, न्याय असे ते गुण. एका छोट्या वहीत प्रत्येक गुणासाठी एक पान ठेवलं. पानावर सात उभे रकाने वारांचे आणि तेरा आडव्या ओळी गुणांच्या. रात्री दिवस आठवायचा आणि जिथे चूक झाली त्या घरात काळा ठिपका द्यायचा. एका आठवड्यात सगळं लक्ष एकाच गुणावर. बाकीच्यांच्या नुसत्या नोंदी. माळी एकदम सगळी बाग निंदायला घेत नाही, एकेक वाफा घेतो, हे त्यामागचं तर्कशास्त्र. तेरा आठवड्यांत एक आवर्तन, वर्षाला चार.

जुने ठिपके खोडून खोडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा त्याने हस्तिदंती पानांची टिपणवही घेतली. तिच्यावर लाल शाईने पक्क्या रेघा आखल्या आणि ठिपके शिसपेन्सिलने द्यायला सुरुवात केली. ओला स्पंज फिरवला की पान कोरं. आपल्यात वाटले होते त्याहून फार जास्त दोष निघाले, हे त्याला वहीनेच दाखवलं.

या सगळ्यात सर्वांत मोलाची नोंद मात्र त्याने स्वतः केलेली नव्हती. मूळ यादी बारा गुणांची होती. क्वेकर पंथातल्या एका मित्राने त्याला सांगितलं, की लोक तुला गर्विष्ठ समजतात. वाद घालताना नुसतं बरोबर असून तुझं भागत नाही, तू समोरच्याला चिरडतोस. मित्राने नुसतं म्हटलं नाही, उदाहरणं दिली. फ्रँकलिनने तेरावी ओळ वाढवली: नम्रता.

आणि इथे त्याने मोठी हुशारी केली. ‘नम्र होणार’ असं न ठरवता त्याने काही शब्द सोडले. ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ यांसारखे ठाम शब्द वापरायचे नाहीत; ‘मला असं वाटतं’, ‘सध्या तरी असं दिसतंय’ एवढंच म्हणायचं. सुरुवातीला जीभ वळेना. हळूहळू ते अंगवळणी पडलं, बोलणी सुखाची व्हायला लागली आणि चूक निघाली तरी फारसं ओशाळवाणं वाटेनासं झालं. आत खरी नम्रता आली असा दावा त्याने केला नाही. बाहेरचं वागणं बदललं, एवढंच तो म्हणतो. भोवतालच्या माणसांना तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडला.

नीटनेटकेपणा त्याला शेवटपर्यंत जमला नाही. त्याबद्दल तो एक गोष्ट सांगतो. एकाने लोहाराकडून कुऱ्हाड घेतली आणि धारेसारखंच सगळं पातं लखलखीत हवं असा हट्ट धरला. लोहार म्हणाला, देतो, पण धार लावायचं चाक तू फिरव. थोड्या वेळाने दमलेलं गिऱ्हाईक म्हणायला लागलं, की ठिपक्यांची कुऱ्हाडच आपल्याला जास्त आवडते. फ्रँकलिनने ही गोष्ट स्वतःवरच सांगितली आहे.

पण वहीच्या मर्यादेचं खरं उदाहरण त्याने सांगितलेलं नाही. त्याच्या तेरा ओळींत ‘न्याय’ होता. त्याच वेळी त्याच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात होत्या आणि त्याच्या घरात गुलाम राबत होते. त्यासाठी वहीत रकाना नव्हता, म्हणून ठिपकाही पडला नाही. उतारवयात त्याचं मत पालटलं. १७८७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्याच्या सहीचा गुलामगिरीविरोधी अर्ज अमेरिकी काँग्रेसपुढे गेला. त्यानंतर दोन महिन्यांनी तो वारला. रोज रात्री प्रामाणिकपणे हिशेब लिहिणाऱ्यालाही एवढी मोठी रक्कम कित्येक वर्षं दिसली नव्हती.

एका अक्षराचा दोष

फ्रँकलिनने जे शब्द टाकले, त्यांचं काम मराठीत एक अक्षर करतं: ‘च’. ‘माझंच बरोबर आहे.’ ‘जेवण गरमच हवं.’ ‘मुलांनी ऐकलंच पाहिजे.’ विसाव्या शतकात अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने याच आग्रहावर अख्खी उपचारपद्धती उभी केली.

एलिस १९१३ मध्ये जन्मले. तरुणपणी ते मुलींशी बोलायला इतके घाबरायचे, की तोंडातून शब्द फुटत नसे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी स्वतःलाच एक काम नेमून दिलं. न्यूयॉर्कमधल्या ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर रोज जायचं; बाकावर एकटी बाई दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. पुढे ते हा हिशेब नेहमी सांगत. १३० जणी भेटल्या, तीस जणी लगेच उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने पुन्हा भेटायचं कबूल केलं आणि ती आलीच नाही. व्यवहार म्हणून पाहिलं तर दिवाळं. पण नकाराने आभाळ कोसळत नाही, हे त्यांना शंभर वेळा दिसलं आणि भीती गेली.

१९५५ च्या सुमारास त्यांनी जी पद्धत मांडली, तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. घटना घडते, तिच्याबद्दल आपण मनात काहीतरी ठरवतो आणि मग भावना उसळते. आमटी अळणी असणं ही घटना. ‘घरी आल्यावर सगळं मनासारखंच असलं पाहिजे’ हे आपलं ठरवणं. ताट सरकवणं हा परिणाम. आमटीवर आपला ताबा नसेल, मधल्या वाक्यावर आहे. ‘च’ काढून ते ‘मनासारखं असतं तर बरं झालं असतं’ असं केलं, की अळणी आमटी अळणीच राहते, पण अपमान होत नाही. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी प्रदीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धत आपल्याकडे रुजवली. अंजली जोशी यांच्या ‘मी अल्बर्ट एलिस’ या कादंबरीमुळे ती मराठी वाचकांच्या घरात पोचली.

मालाची मोजणी

दोष कशामुळे आला आणि तो दुरुस्त कुणी करायचा, या दोन प्रश्नांची गल्लत घराघरांत होते. ‘माझे वडीलही असेच होते’ हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर असू शकतं, दुसऱ्याचं नव्हे. ही गाठ व्यवहारात सोडवली ती दारूतून बाहेर पडलेल्या माणसांनी.

जून १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी शेअर बाजारातला बिल विल्सन आणि शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ या दोन दारुड्यांच्या भेटीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ सुरू झाली. १९३९ च्या तिच्या पुस्तकात बारा पायऱ्या आहेत. दारूचा उल्लेख फक्त पहिल्या पायरीत येतो. पुढच्या बऱ्याचशा स्वभावाच्या डागडुजीच्या आहेत. चौथी पायरी म्हणजे दुकानदार करतो तशी मालाची मोजणी, सडका माल कुठला ते पाहण्यासाठी. कागदावर रकाने आखायचे: कुणावर राग आहे, कशामुळे, त्याने माझं काय दुखावलं. आणि मग सर्वांत जड नोंद: यात माझी चूक कोणती? पाचव्या पायरीवर हे सगळं दुसऱ्या एका माणसासमोर बोलून दाखवायचं. आठवीत आपण ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची, नववीत शक्य तिथे भरपाई करायची. मात्र त्या भरपाईनेच कुणाला इजा होणार असेल तर नाही. दहावी पायरी ही मोजणी रोज चालू ठेवण्याची.

व्यसन हा आजार आहे, ही या चळवळीची भूमिका. आजाराचा दोष रुग्णावर नाही, पण बरं राहण्याची जबाबदारी त्याचीच. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. त्या एका शब्दात दोन्ही गोष्टी येतात.

दुसऱ्यासमोर कबुली देण्याचं वजन मोहनदास गांधी नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलालाही कळलं होतं. भावाचं कर्ज फेडायला त्याने भावाच्याच कड्यातलं सोनं काढून विकलं. नंतर राहवेना. त्याने कबुली चिठ्ठीत लिहिली, शिक्षा मागितली आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांच्या हातात ती चिठ्ठी ठेवली. वडिलांनी ती वाचली, रडले आणि फाडून टाकली.

चुकलो आणि वाईटच

इथे एक धोका आहे. दोष पाहायला बसलेला माणूस पुष्कळदा स्वतःला झोडपायला लागतो. जून टँगनी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या तुरुंगातल्या पावणेपाचशेच्या आसपास कैद्यांचा सुटकेनंतर मागोवा घेतला. तो अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. ‘मी चुकीचं वागलो’ अशी टोचणी असणाऱ्यांकडून पुन्हा गुन्हा घडण्याचं प्रमाण कमी दिसलं. ‘मी माणूसच वाईट’ अशी शरम मात्र काहींना दुसऱ्यांवर खापर फोडायला लावत होती आणि त्या वाटेने पुन्हा गुन्ह्याकडे नेत होती. पुन्हा तोच ‘च’. ‘चुकलो’ म्हणणाऱ्याला दुरुस्त करायला काहीतरी सापडतं. ‘मी वाईटच’ म्हटलं, की तोही फणसाचाच दाखला होतो.

म्हणून नोंद नेमकी हवी. ‘राग कमी करायचा’ ही नोंद नव्हे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी सुचवलेली जर-तरची रीत इथे उपयोगी पडते. जेवताना चव बिघडलेली वाटली तर आधी पाण्याचा पेला उचलायचा, घोट घ्यायचा, मगच बोलायचं. वेळ ठरलेली, खूण ठरलेली, कृती ठरलेली. शेकडो प्रयोगांत साध्या संकल्पापेक्षा अशा ठरवण्याने काम तडीस जाण्याची शक्यता वाढलेली दिसली आहे.

किती दिवस? २१ दिवसांत सवय लागते ही समजूत मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून पसरली. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले. कुणाला १८ पुरले, कुणासाठी अंदाज २५४ पर्यंत गेला. एखादा दिवस चुकल्याने मात्र फारसं बिघडलं नाही.

सुधारायचं कुणी?

आपल्या घरांत स्वभाव बदलायचा आग्रह कुणाला होतो, हेही पाहायला हवं. नव्या सुनेला ‘जुळवून घे’ सांगितलं जातं, मुलांना ‘बाबा चिडतील असं वागू नका’ म्हटलं जातं. ज्याच्या रागावर घराचं वेळापत्रक चालतं, त्याला मात्र सूट. ज्याच्या हातात जास्त सत्ता, त्याच्या दोषाची किंमत दुसरे भरतात. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘तुझाही स्वभाव बदल’ म्हणणं हा आत्मपरीक्षणाचा उपदेश नव्हे, तो अन्याय आहे.

तसंच प्रत्येक गोष्ट स्वभावदोष नसते. महिनोन् महिने न हलणारी उदासी, झोप उडवणारी धास्ती, सुटत नसलेलं व्यसन यांना वहीतले ठिपके पुरणार नाहीत. तिथे डॉक्टरकडे किंवा समुपदेशकाकडे जाणं हीच जबाबदारी घेण्याची पहिली कृती. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही उपलब्ध आहे.

बाकीच्यांसाठी एक शंभर पानी वही पुरे. पहिली नोंद मात्र स्वतःच्या मनाने करू नये. फ्रँकलिनलाही ती मित्राकडूनच मिळाली होती. घरातल्या सर्वांत लहान किंवा सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला आज रात्री जेवणानंतर विचारावं: माझ्या कुठल्या सवयीमुळे तुला जपून वागावं लागतं? उत्तर यायला वेळ लागेल, कारण असं आजवर कुणी विचारलेलं नसेल. ते येईपर्यंत थांबावं, मध्ये बोलू नये आणि त्याच्याच शब्दांत, तारीख घालून, लिहून घ्यावं.